ऊन पाण्यातील जीवसृष्टी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



चिटणीसांनी निमंत्रण दिले तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपविली होती. कला शाखेची पदवी आणि सरकारी कचेरीतील तीस वर्षे एवढ्या भांडवलावर विज्ञानाविषयी बोलावयास उभे राहणे हे धाडस खरे. पण या विषयाशी आमचा संबंध वेगळ्याच दाराने आला. संशोधनाच्या अनुदानासाठी येणाऱ्या प्रस्तावांची आर्थिक छाननी करणे हे काम आमच्या वाट्यास पुष्कळ वर्षे आले होते. अशा प्रत्येक प्रस्तावात 'अपेक्षित लाभ' नावाचा एक रकाना असतो. मोठमोठे विद्वान तेथे येऊन अडखळतात, आणि मग काहीतरी भव्य लिहून मोकळे होतात. आज ज्या संशोधनाची हकीकत आम्ही सांगणार आहोत, त्याच्या बाबतीत १९६६ साली हा रकाना प्रामाणिकपणे भरावयाचा झाला असता तर तेथे एक आडवी रेघ ओढावी लागली असती. आणि त्याच संशोधनाचे फळ २०२० आणि २०२१ साली या सभागृहात बसलेल्या बहुतेक प्रत्येकाच्या नाकापर्यंत येऊन पोहोचले.

विषय आहे उष्णोदकाच्या झऱ्यांत राहणाऱ्या जीवाणूंचा. उष्णोदक हा शब्द सभेपुरता झाला. आपल्या घरातला शब्द 'ऊन पाणी'. कोकणात उन्हवरे आहे, राजापूरजवळ उन्हाळे आहे, खानदेशात उनपदेव आहे, नांदेडकडे उनकेश्वर आहे. या सर्व नावांमागे हा 'ऊन'च उभा आहे असे आम्हांस वाटते. हिंदी मुलखात त्याचे तत्तापानी आणि तप्तकुंड झाले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने देशातील अशा सुमारे तीनशे चाळीस झऱ्यांची नोंद केलेली आहे. कोकणातील झऱ्यांच्या पोटात आज ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी भेगांवाटे खोल उतरते, तेथे भूगर्भाच्या उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते. वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोली ही नावे तर आपल्या आजी-आजोबांच्या सांधेदुखीशी कायमची जोडलेली. या पाण्याने दुखणे बरे होते की नाही हा आजचा विषय नव्हे. या पाण्यात कोण राहते, हा विषय आहे.

कोणी राहत असेल ही कल्पनाच मुळी चमत्कारिक. स्वयंपाकघरातील पहिला धडा असा की उष्णतेने जंतू मरतात. दूध ७२ अंश सेल्सिअसवर पंधरा सेकंद तापवले की ते पाश्चरीकृत झाले असे डेअरीवाले मानतात. कारण सोपे आहे. सजीवांच्या देहातील सर्व कारभार प्रथिने चालवितात, आणि प्रत्येक प्रथिन ही एका विशिष्ट रीतीने घडी घातलेली साखळी असते. ती घडी उलगडली की काम संपले. अंड्याचा पारदर्शक भाग तव्यावर पांढरा होतो तो याच कारणाने, आणि मग तो कितीही थंड केला तरी पूर्ववत होत नाही.

थॉमस ब्रॉक हे अमेरिकेच्या इंडियाना विद्यापीठातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. १९६४ च्या उन्हाळ्यात पश्चिमेकडे जाता जाता ते यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात उतरले. शेकडो उष्ण झऱ्यांचे हे उद्यान १८७२ सालापासून संरक्षित आहे. सारे प्रवासी जे पाहतात तेच त्यांनी पाहिले. फरक इतकाच की इतरांची दृष्टी उसळणाऱ्या कारंजांकडे होती आणि यांची बाहेर वाहून जाणाऱ्या ओहोळांकडे. झऱ्याच्या मुखाशी पाणी स्वच्छ निळे. थोडे पुढे जाऊन ते जरा निवले की तळाशी पिवळसर हिरवा थर. त्याच्या पुढे नारिंगी. आणखी पुढे तपकिरी. जणू कोणी उष्णतामापकाच्या खुणा जमिनीवर रंगांनी काढून ठेवल्या होत्या. हे रंग सजीवांचे होते. सूर्यप्रकाशावर जगणारे हिरवे सूक्ष्मजीव सुमारे ७३ अंशांपर्यंत तग धरतात, त्यापलीकडे नाही. पण त्या मर्यादेपलीकडे, ऐंशीहून अधिक अंशांच्या पाण्यात, ब्रॉक यांना गुलाबी तंतूंचे झुबके वाहत्या पाण्यात लवताना दिसले. तेही सजीवच होते.

पुढे त्यांनी जो प्रयोग केला तो आपल्या शाळकरी नातवंडांनाही समजावा. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावयाच्या काचेच्या साध्या पट्ट्या दोरीस बांधून त्यांनी उकळत्या झऱ्यांत सोडल्या आणि काही दिवसांनी वर काढल्या. त्यांवर जीवाणू उगवलेले होते. ते पाण्याबरोबर चुकून वाहत आलेले किंवा मेलेले नव्हते. काचेवर त्यांची वस्ती वाढत होती. ही सारी हकीकत १९६७ साली 'सायन्स' साप्ताहिकात प्रसिद्ध झाली.

मग इतकी वर्षे हे कोणाच्या ध्यानात का आले नव्हते? याचे उत्तर आम्हांस फार उद्बोधक वाटते. उष्णतेत वाढणारे जीवाणू विज्ञानाला अपरिचित नव्हते. पण त्यांचा शोध घेणारे लोक प्रयोगशाळेतील उबवणपेटी ५५ अंशांवर ठेवीत, कारण त्यांच्या गुरूंनी ती ५५ वर ठेवली होती. ५५ वर ठेवली की ५५ वर वाढणारेच हाती लागत, आणि त्यांनाच उष्णतास्नेही म्हणण्याचा प्रघात पडला होता. कचेरीत याला आम्ही 'पूर्वोदाहरण' म्हणतो. ब्रॉक आणि त्यांचा पदवीपूर्व वर्गातील विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी पेटी सत्तरच्या वर नेली. दुसरी गोष्ट त्यांनी अशी केली की जीवाणूंसाठी नेहमीचे सकस खाद्य न वापरता अगदी पातळ, जवळजवळ पाण्यासारखे खाद्य दिले; कारण झऱ्याच्या पाण्यात पक्वान्ने नसतात. त्या साध्या शिध्यावर १९६६ साली मश्रूम स्प्रिंग नावाच्या झऱ्याच्या नमुन्यातून एक पिवळसर जीवाणू वाढीस लागला. ७० अंशांवर तो सर्वांत सुखात असतो, ७९ अंशांपर्यंत वाढू शकतो आणि ४० च्या खाली त्याची वाढ थांबते. आपल्या अंगातील उष्णता त्याला थंडीसारखी. १९६९ साली गुरुशिष्यांनी त्याचे 'थर्मस अॅक्वाटिकस' असे नामकरण प्रसिद्ध केले.

येथे एक गमतीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. याच जातीचे जीवाणू आणखी कोठे सापडतील म्हणून ब्रॉक यांनी शोध घेतला, तेव्हा ते धुलाईघरांतील आणि राहत्या घरांतील पाणी तापविण्याच्या टाक्यांत निघाले. निबंध १९७३ सालचा आहे. म्हणजे यलोस्टोनला जाण्याचे कारणच नव्हते, असे कोणी छाननी अधिकारी म्हणू शकेल. पण यलोस्टोन पाहिल्यावाचून गिझरमध्ये डोकावण्याची बुद्धी कोणाला झाली असती?

हा जीव शिजत कसा नाही? त्याची प्रथिने काही निराळ्या द्रव्याची नाहीत. तीच वीस अमिनो आम्ले, तोच माल. बदलीच्या नोकरीत आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्यांना होल्डॉलचा दृष्टान्त लगेच पटेल. बिछाना तोच, पण एकाने तो सैल गुंडाळून एकच पट्टा लावला आणि दुसऱ्याने कोपरे आत दाबून, हवा काढून, दोन पट्टे अधिक आवळले. रेल्वेच्या धक्क्यांत पहिला सुटतो, दुसरा सुटत नाही. उष्णतास्नेही जीवाणूंच्या प्रथिनांची घडी अधिक घट्ट असते, बाहेर लोंबणारी टोके कमी असतात, आणि विरुद्ध विद्युतभारांच्या जोड्या एकमेकींना जास्त ठिकाणी धरून ठेवतात. त्यांच्या पेशींची आवरणेही उष्णतेने पातळ होऊन विरघळू नयेत अशा स्निग्ध द्रव्यांची असतात. ब्रॉक यांच्या मागून आलेल्या संशोधकांनी ही मर्यादा पुष्कळ वर नेली. आजवरचा उच्चांक १२२ अंशांचा. हिंदी महासागराच्या तळाशी, जेथे प्रचंड दाबामुळे पाणी त्या उष्णतेलाही उकळत नाही, तेथील एका सूक्ष्मजीवाविषयी जपानी शास्त्रज्ञांनी २००८ साली हे दाखविले. तो जीवाणूंहून भिन्न अशा 'आर्किया' वर्गातला आहे. हा वर्ग कार्ल वूज यांनी १९७७ मध्ये वेगळा काढला. ती एक स्वतंत्र कथा आहे आणि चिटणीसांनी दिलेल्या वेळात ती बसत नाही.

ब्रॉक यांनी आपला जीवाणू स्वतःपाशी दडवून ठेवला नाही. 'अमेरिकन टाइप कल्चर कलेक्शन' या सार्वजनिक संग्रहाकडे त्याचा वाण त्यांनी सुपूर्द केला. अल्प शुल्क भरले की जगातील कोणत्याही प्रयोगशाळेला तो मागविता येत असे. पुढील वळण लागले ते यामुळे. सिनसिनाटी विद्यापीठात तैवानहून शिकावयास आलेली अॅलिस चियन ही विद्यार्थिनी, तिचे सहकारी डेव्हिड एडगर आणि मार्गदर्शक जॉन ट्रेला यांनी याच जीवाणूतून एक विकर, म्हणजे एन्झाइम, शुद्ध स्वरूपात वेगळे केले. डीएनएची नक्कल उतरविणारा हा लेखनिक सुमारे ८० अंशांवर उत्तम काम करतो, असे त्यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले. निबंध छापला गेला. त्याचा कोणाला काही उपयोग होईल असे दिसत नव्हते.

१९८३ साली कॅलिफोर्नियातील सेटस नावाच्या कंपनीत नोकरीस असलेल्या कॅरी म्युलिस यांना डीएनएच्या एखाद्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची युक्ती सुचली. डीएनएचा गोफ दोन पदरांचा. तो ९५ अंशांच्या सुमारास तापवला की पदर सुटे होतात. थोडे निवविले की प्रत्येक पदरावर आपणच तयार केलेली छोटी खूणपट्टी जाऊन चिकटते. तेथून पुढे विकर नवा पदर विणीत जाते. एकाचे दोन झाले. पुन्हा तापवा, पुन्हा निववा. दोनाचे चार, चाराचे आठ. बुद्धिबळाच्या पटावरील दाण्यांची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. अशी तीस आवर्तने झाली की एका तुकड्याच्या १०७ कोटींहून अधिक प्रती होतात. यालाच पीसीआर म्हणतात.

युक्ती अप्रतिम, पण व्यवहारात एक अडचण. आरंभी जे विकर वापरले जाई ते आपल्या आतड्यातील ई. कोलाय जीवाणूचे. ९५ अंशांवर त्याचे उकडलेले अंडे होई. म्हणून प्रत्येक आवर्तनानंतर नळीचे झाकण उघडून नवे विकर घालावे लागे. तीस आवर्तने म्हणजे तीस वेळा. प्रत्येक पानाला नवा कारकून नेमावा लागणारी कचेरी कशी चालावी? तेव्हा सेटसच्या लोकांना संग्रहातील तो यलोस्टोनचा जीवाणू आठवला. त्याचे विकर ९५ अंशांवर चाळीस मिनिटे ठेवले तरी निम्मी शक्ती राखून असते. एकदा घाला, झाकण लावा आणि यंत्रावर सोपवून जेवावयास जा. उष्णतास्नेही विकराने सुधारलेल्या या पद्धतीचा निबंध जानेवारी १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षी 'सायन्स'ने या विकरास वर्षातील सर्वश्रेष्ठ रेणूचा मान दिला. आणि १९९३ साली म्युलिस यांना रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्ये कोविडचा देशातील पहिला रुग्ण निश्चित झाला, त्याच्या नमुन्याची तपासणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत झाली होती. त्यानंतरच्या दोन वर्षांत 'आरटीपीसीआर' हा शब्द आपल्या घरांतील वृद्धांच्याही तोंडी बसला. विषाणूच्या आरएनएपासून प्रथम डीएनए करावयाचा आणि मग वर सांगितलेली दुणावणी सुरू करावयाची, अशी ती तपासणी. ती दुणावणी करणारे विकर थर्मस अॅक्वाटिकसचे अथवा त्यावरून सुधारून घेतलेले. आपल्यापैकी कित्येकांना त्या दिवसांत गावी, आईवडिलांपाशी, जाता आले नाही. तपासणीचा एक कागद हाती असला तर विमानात बसता येई, नसला तर नाही. त्या कागदामागे एका ओहोळातील पिवळसर जीवाणू होता.

आता पैशाविषयी, कारण तो आमच्या अधिकारातला विषय. पीसीआरचे हक्क १९९१ साली हॉफमन-ला रोश कंपनीने तीस कोटी डॉलर देऊन घेतले. म्युलिस यांना सेटसने बक्षीस म्हणून दहा हजार डॉलर दिले होते. ब्रॉक यांना या व्यवहारातून काहीही मिळाले नाही, आणि जिच्या पाण्यातून हे सर्व निघाले त्या यलोस्टोनलाही नाही. उद्यानाने त्यापासून धडा घेऊन १९९७ मध्ये दुसऱ्या एका कंपनीशी लाभाच्या वाटणीचा करार केला, तर लोक न्यायालयात गेले. ब्रॉक यांनी कधी कटुता दाखविली नाही; ते २०२१ साली, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, निवर्तले. त्यांच्या संशोधनाला आधार होता तो अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या, म्हणजे करदात्यांच्या, पैशाचा. याच अमेरिकेत सिनेटर प्रॉक्समायर १९७५ पासून 'सोनेरी लोकर' नावाचा एक उपहासात्मक पुरस्कार जाहीर करीत. त्यांच्या भाषेत लोकर कातरणे म्हणजे लुबाडणे, आणि निरर्थक संशोधनावर सरकारी पैसा उधळला जातो हे दाखविण्याचा त्यांचा हेतू. त्याला उत्तर म्हणून २०१२ पासून 'सोन्याची हंसी' हा पुरस्कार सुरू झाला आणि दुसऱ्याच वर्षी तो ब्रॉक आणि फ्रीझ यांना मिळाला. छाननी करणारे आवश्यकच आहेत, असे आमचे मत आजही आहे. सर्वच आडव्या रेघांतून सोने निघत नाही. पण लाभाचा रकाना रिकामा आहे एवढ्यावरून प्रस्ताव परत पाठवू नये, इतके आम्ही नव्या अधिकाऱ्यांना सांगत असतो.

आपल्या देशातील झऱ्यांची स्थिती काय? मणिकर्णला आपल्यापैकी अनेकजण गेलेले आहेत. पार्वती नदीच्या काठी पाणी उकळते आहे, लोक कापडाच्या पुरचुंडीत तांदूळ बांधून कुंडात सोडताहेत आणि भात होतो आहे. गुरुद्वाराचा लंगरही त्याच उष्णतेवर शिजतो. त्याच मणिकर्णच्या पाण्यातून दिल्ली विद्यापीठातील संशोधकांनी थर्मसची एक नवी जाती वेगळी काढली आणि २०१५ साली पार्वती नदीवरून तिचे 'थर्मस पार्वतिएन्सिस' असे नाव ठेवले. आपल्या तव्यावरचा भात शिजतो त्या पाण्यात कोणाचा तरी संसार चाललेला असतो, हे तेथे उभे राहून आठवले की अंगावर शहारा येतो. महाराष्ट्रात उनकेश्वरच्या झऱ्यातील जीवाणूंची जनुकीय मोजदाद पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी केली; ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. असे वाण जतन करण्यासाठी चंडीगढला १९८६ पासून मोठा संग्रह आहे आणि पुण्यात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राशी निगडित दुसरा आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने सूक्ष्मजीवांनाही देशाची जैवसंपत्ती मानले असून परदेशी संस्थेला ती वापरावयाची तर चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाची पूर्वसंमती लागते. कागदोपत्री व्यवस्था, आमच्या खात्याच्या दृष्टीने पाहता, उत्तम आहे.

जमिनीवर मात्र निराळे दिसते. मागे एका झऱ्यावर, त्याचे नाव आम्ही घेत नाही, देवदर्शनास गेलो होतो. कुंडाचा जीर्णोद्धार नुकताच झालेला. चकचकीत फरशा, नळ, कठडा; आणि पूर्वी दगडांमधून खळाळत जाणारा जो ओहोळ होता तो सिमेंटच्या नळीत बंद केलेला. दोन माणसे खराटे घेऊन कडेचा उरलासुरला हिरवा-नारिंगी थर घासून काढीत होती. भक्तांचे पाय घसरू नयेत हा हेतू चांगलाच आहे. स्नानाचे कुंड स्वच्छ असावे याविषयी दुमत नाही. पण थर काही कुंडात नव्हता, तो ओहोळात होता, जेथे कोणी स्नान करीत नाही. पंधरावीस हात ओहोळ उघडा सोडला असता तर जीर्णोद्धाराचा खर्च वाढला नसता, उलट नळीचे पैसे वाचले असते. ब्रॉक यांना १९६४ साली जे दिसले ते यासाठीच दिसले की, यलोस्टोनमध्ये ब्याण्णव वर्षे कोणी ओहोळ घासला नव्हता. आपल्यातील काही कुटुंबांच्या गावी असे झरे आहेत, काहीजण देवस्थानांचे विश्वस्त आहेत. पुढचा आराखडा मंजुरीस येईल तेव्हा ओहोळाकडे बोट दाखविण्यास कोणतीही पदवी लागणार नाही.

भाषणानंतर एका भगिनींनी विचारलेला प्रश्न आणि आम्ही दिलेले उत्तर चिटणीसांच्या आग्रहावरून येथे जोडीत आहोत. प्रश्न असा होता की, पाण्यात इतके जीवाणू असतील तर मुलांना कुंडात उतरवावे का? उष्णतास्नेही जीवाणूंची भीती बाळगण्याचे कारण नाही. थर्मसने कोणाला रोग झाल्याचे ऐकिवात नाही, आणि आपल्या अंगाच्या उष्णतेत तो वाढतच नाही. जपावयाचे ते कोमट, साचलेल्या पाण्यातील एका अमीबापासून. तो नाकातून शिरला तर मेंदूपर्यंत जातो. असे क्वचितच घडते, पण घडले तर जिवावर बेतते. पाणी वाहते असावे, मुलांनी बुड्या मारू नयेत आणि नाकात पाणी जाऊ देऊ नये. खांद्यापर्यंत बसून शेकून घेण्यास हरकत नाही.